तणावमुक्ती कक्षाचा फोटो

१ जुलै, पहाटे ५
प्राचार्यांनी मला कॉलेजच्या तणावमुक्ती कक्षाचा प्रमुख केलं. पंधरा तारखेला तपासणी समिती येतेय, तिला असा कक्ष दाखवावा लागतो. नीट पार पाडा, उपप्राचार्यपद तुमचंच, म्हणाले. निवड योग्य. बावीस वर्षं रोज महादेवाचा जप करतो. मला तणाव नाही.

३ जुलै
स्टाफरूममध्ये नुसतं कण्हणं. मोनिका मॅडमना ऑनलाइन फॉर्मचा ताण. गणिताच्या मुजीब सरांना विद्यार्थी गोळा करत वाड्यावस्त्या फिरायचा ताण. आम्ही पोत्यावर बसून शिकलो. ही माणसं खुर्चीत बसून थकतात. कीव येते.

६ जुलै
बायको, दैवशाला, म्हणाली, जप करताना दात खाता तुम्ही. तिला साधना कळत नाही.

९ जुलै
उद्या सगळ्यांचं ध्यान घेणार. दहा मिनिटं. स्थळ-वेळ छापलेला एक फोटो पुरावा म्हणून उद्याच अपलोड करायचाय. क्लार्क शांतलिंगला बजावलं, ध्यान रंगात आलं की काढ. ध्यानाला बसणाऱ्यांची यादी चार वेळा तपासली. पाचव्यांदा तपासून झोपतो.

१० जुलै, दुपार
ध्यान उत्तम. मात्र पहिल्या रांगेत मुजीब सर घोरायला लागले. मी सौम्यपणे समज दिली. नेमका तेव्हाच शांतलिंगनं फोटो काढला.
फोटोत पस्तीस माणसं डोळे मिटून निवांत. त्यांच्यासमोर मी उभा. बोट रोखलेलं, तोंड उघडं, मानेची शीर फुगलेली. खाली वेळ, ११.०७. मोबाइल हलका असणार.

१० जुलै, सायंकाळी ६
दुसरा फोटो नाही. प्राचार्यांनी हाच अपलोड केला. खाली ओळ टाकली: ‘मार्गदर्शक प्रा. मुजीब यांच्यासमोर तणावग्रस्त सहकारी.’
समिती असल्या ओळी वाचत नाही.

१५ जुलै
समितीनं वाचली. समोर माणूस एवढा ओरडत असताना हे सर जराही ढळले नाहीत, याचं अध्यक्षांना फार कौतुक. जाताना मुजीब सरांचे दोन्ही हात हातात घेतले.

१८ जुलै
उपप्राचार्य: मुजीब. झोपेत मिळालेलं पद.

२१ जुलै
नव्या उपप्राचार्यांचा पहिला आदेश. मी रोज अकराला त्यांच्या केबिनमध्ये बसायचं. गेलो. फाइली बाजूला सारून त्यांनी खुर्ची दिली.
“सर, डोळे मिटा. काही करू नका. म्या पण तेवढंच केलं होतं.”
त्यांचा मान राखायचा म्हणून मिटले. जप सुरू केला. अकराव्या मण्यापर्यंतचं आठवतं.
एक वाजता जाग आली. घोरणं पार ऑफिसात ऐकू येत होतं, असं शांतलिंग सांगतो. फोटो काढलाय म्हणे. वेळेसकट.