भगवानरावांची एफडी

९ एप्रिल २०२५, नांदेड
बँकेत १५एच देऊन आले. माझ्यावर कर बसत नाही, व्याजातून कापू नका, एवढंच त्यात लिहून द्यायचं असतं. निघताना शेजारच्या काउंटरवर मोठा आवाज. बघते तर भगवानराव. मुदखेडला रेल्वेत गार्ड होते, आता रिटायर. त्यांच्या पत्नी सुमनताई, मी नर्स असताना माझ्याच वॉर्डात होत्या शेवटी. त्यालाही वर्षं झाली. मला बघितलं आणि आवाज एकदम खाली.
"सिस्टर, बघा की. पाच वर्सांची एफडी हाय. रुपया हातात आला न्हाई आन् टॅक्स कापून राहिले."
बाहेर रसवंतीवर बसवून समजावलं. पैसे मुदत संपल्यावर मिळणार असले तरी व्याज दरवर्षी जमा होतं. जमा झालं की ते त्या वर्षीचं उत्पन्न. कापलं म्हणजे गेलं असं नाही, रिटर्न भरला आणि कर बसत नसला तर परत येतं.
"परतच द्यायचं तर कापतात कशाला?"
रसाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

२ मे
भ. रावांचा फोन. रिटर्न कुठं भरायचा? माझी भाची रश्मी लातूरला एका कर सल्लागाराकडे कामाला आहे, तिच्याकडे जाऊ म्हटलं. बोलणं एफडीवरून शेंगदाण्याच्या चटणीवर गेलं. चटणी त्यांना जमत नाही म्हणे, पाणी सुटतं. चटणीला पाणी कसं सुटेल?

१८ मे
आंबे घेऊन आले. माझं व्याज मी दर महिन्याला घेते ऐकून नवल वाटलं त्यांना. "मंग वाढंल कसं?" म्हटलं, माझ्या व्याजावर व्याज चढत नाही, तुमच्यापेक्षा कमीच मिळतं शेवटी. पण मला आत्ता लागतं, वीजबिल आहे, गोळ्या आहेत. म्हणाले, "मला आत्ता काय लागतं तेच कळंना झालंय."
गेल्यावर घर उगाच शांत वाटलं. रोजच असतं.

३ जुलै
एसटीने लातूर. रश्मीने पंधरा मिनिटांत रिटर्न भरला. उठायचं तर भ. राव म्हणाले, "पोरी, ही एफडी मोडून निम्मी ह्यांच्या नावानं केली तर? माझ्यामागं त्यांना असावं काही." मला काहीच माहीत नव्हतं. कान गरम झाले.
रश्मी सरळ पोरगी. "काका, मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळेल. आणि नात्याबाहेरच्या माणसाने वर्षात पन्नास हजारांच्या वर दिले तर ते सगळे आत्याचं उत्पन्न धरतात. नवऱ्याने बायकोला दिले तर तसं नाही. पण मग त्याचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात मोजतात."
"म्हंजे सरकार इचारून राहिलं, ह्या बाई तुमच्या कोण."
रश्मी कॉम्प्युटरकडे, मी पंख्याकडे.
परतीला एसटीने अहमदपूर सोडलं. मग खिडकीबाहेर बघत, "मी काय म्हणतो सिस्टर, पयलं नातं ठरवावं. पैशाचं मंग बघू."

४ जुलै
डाळ दोनदा करपली. लग्न राहून गेलं ते गेलं. दादाचं शिक्षण, मग आईचं दुखणं, मग वय. त्याचं दुःख करत बसले नाही कधी. पण या वयात कुणी असं, एसटीत...

११ जुलै
लातूरहून दादा आला, रश्मीचा बाप. रश्मीने सांगितलेलं दिसतं. "आपण बौद्ध, ते मराठा. त्यांच्या भावकीत काय होईल, विचार केलास?"
"ते विचारून राहिले दादा. मी अजून काहीच बोलले नाही."
मग हळूच, "माणूस कसाय?"
म्हटलं, चांगलाय. रडू का आलं कळलं नाही.

२७ जुलै
संतोषचा, त्यांच्या मुलाचा, पुण्याहून फोन. आवाज कोरडा. बाबांच्या ठेवींचं काय ठरतंय? म्हटलं, एफडी मोडायची नाही, नॉमिनीही तूच राहायचं. मला माझी पेन्शन पुरते. "ठीक आहे मॅडम," म्हणाला. मॅडम लागलं जरा. आईच्या उशाशी बसायचा तेव्हा सिस्टर म्हणायचा.
भ. रावांना सांगितलं तर चिडले. परस्पर कसं ठरवलं म्हणे. बरोबर आहे त्यांचं, पण त्यांनी तरी लातूरला मला कुठं विचारलं होतं?
संध्याकाळी पुन्हा फोन. "बरं. पैसा पोराच्या नावानं. मी तुमच्या." आणि ठेवूनच दिला.

२१ ऑगस्ट
रिफंड आला! वर थोडं व्याज. "सिस्टर, सरकारनं बी व्याज दिलं! आता ह्याच्यावर टॅक्स?"
"हाव. पुढच्या रिटर्नमध्ये दाखवायचं."
लई हसले. त्यांना इतकं हसताना पहिल्यांदाच ऐकलं. संतोष गणपतीला येतोय, त्याला घेऊन जेवायला येऊ का विचारलं. या म्हटलं.

३१ ऑगस्ट
दोघं येऊन गेले. येसर आमटी, ज्वारीच्या भाकरी. भ. राव घाबरून पाणीच पीत होते. संतोष खाली मान घालून जेवला, भाकरी मात्र मागून घेतली. एफडीचा शब्द कुणी काढला नाही. भावकीचाही नाही.
भ. राव रिक्षा बघायला कोपऱ्यावर गेले. संतोष दारात बूट घालत होता. वर न बघता म्हणाला, "बाबा लई घोरतात, सिस्टर. आधीच सांगून ठेवतो."
माझ्या तोंडून निघून गेलं, "जन्मभर रात्रपाळ्या केल्यात बाळा मी."
तो हसला. रिक्षा आली, गेले.
भगवानरावांना उत्तर असं अजून दिलेलं नाही. आणि संतोषशी बोलले ते काय होतं...