व्याह्यांचा लाकडी रोलर कोस्टर

अमेरिका, २० जुलै

तीर्थरूप ताईस मालगुंड मुक्कामी सविनय नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे. मृणाली वेळेवर जेवू घालते. भातलावणी आटोपली का?

काल तिच्या सासऱ्यांनी येथील लाकडी रोलर कोस्टर दाखवला. तो शंभर वर्षांपूर्वीचा आहे. मध्यंतरी तो मोडीत निघणार होता, पण गावकऱ्यांनी वाचवला. कुजलेल्या फळ्या सुतार दर हिवाळ्यात बदलतात.

मग व्याही म्हणाले, "बाळंतपणाला आल्या होत्या ना, तेव्हा विहीणबाई माझ्याच शेजारी बसल्या. उतरल्या त्या हसतच. म्हणाल्या, पुन्हा एकदा!"

ताई, आपल्या जत्रेतल्या पाळण्यात कुमुदिनी माझ्याबरोबर कधीही बसली नाही. भीती वाटते, म्हणे. आता ती गेली; विचारणार कोणाला?

उद्या मीही बसणार आहे. व्याह्यांना खालीच थांबण्याची विनंती केली आहे.

आपला धाकटा बंधू,
हरिश्चंद्र