हिरवं झालेलं बटण

दारव्हा,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. प्रेरणा हिस आशीर्वाद.

आज बुधवार. सकाळी नळ आला, पाणी भरून घेतलं. दोन पोळ्या केल्या, एक जाड झाली. तब्येत ठीक आहे. थंडी सुरू झाली, तिकडे पुण्यात जपून राहा.

तुझा निरोप चार वेळा वाचला. तुमच्या कंपनीचं मदतीचं ॲप आता गावोगावच्या म्हाताऱ्यांना देणार, हे चांगलं झालं. तू विचारलंस, बाबा, तुम्ही वापरलं आहे, मदतीच्या पानावर सरकवायचं बटण तसंच ठेवू का?

नको ठेवू.

ते बटण दिव्यासारख्या गोष्टीला चांगलं. सरकवलं की लगेच चालू, परत सरकवलं की बंद, आणि चालू आहे की बंद ते दिसतं. आवाजाला ठेव, वाय-फायला ठेव. पण सरकवल्यावर खाली आणखी 'जतन करा' दाबावं लागत असेल, तर तिथे साधी चौकोनात खूण करायला दे. आणि मदत मागणं दिव्यासारखं नसतंच. ती घंटी आहे. दाबली की वाजली पाहिजे, आणि वाजली हे दाबणाऱ्याला कळलं पाहिजे.

हे मला कसं कळलं ते आता लिहितो.

जुलैत आईच्या तेरवीला तू विचारलं होतंस, "बाबा, मला नाही तर शेजारच्या प्रेमसिंगला तरी फोन काहून नाही केला?" मी म्हणालो, सुचलं नाही. तेव्हापासून तू कामापुरतं बोलतेस. मी खोटं बोललो होतो.

त्या दुपारी आईच्या छातीत दुखायला लागल्यावर मी तेच बटण सरकवलं. ते हिरवं झालं. तुला आणि प्रेमसिंगला निरोप गेला असं मी धरून चाललो. तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं, म्हणून उठलो नाही. तिने दोनदा विचारलं, "आलं का कोणी?"

मी म्हणालो, "येऊन राह्यले."

अर्धा तास गेला. मग दारात जाऊन हाक मारली. प्रेमसिंग अंगणातच जीप धूत होता. "काका, मी तं इथंच होतो. पह्यलेच आवाज काहून नाई देल्ला?" त्याच जीपमधून दवाखान्यात नेताना यवतमाळच्या रस्त्यावर ती गेली.

तिसऱ्या दिवशी ते पान पुन्हा उघडलं. माझ्या डोळ्यांसाठी तू अक्षरं मोठी करून दिली होतीस. त्यामुळे 'जतन करा' पडद्याच्या खाली गेलं होतं. बोटाने वर ओढलं तेव्हा दिसलं. ते दाबायचं राहिलं, म्हणून निरोप गेलाच नव्हता.

बत्तीस वर्षं लाइनमन होतो. खटका पाडल्यावरही टेस्टर लावल्याशिवाय कधी तारेला हात लावला नाही. त्या दिवशी ते तू केलेलं काम आहे म्हणून तपासलं नाही.

हे तुला कधीच सांगणार नव्हतो. तू मला दोष देत होतीस, ते चाललं असतं. पण दुसऱ्या कोणाच्या घरी कोणी असं वाट पाहत बसू नये. डॉक्टर म्हणाले होते, लवकर आणलं असतं तरी वाचली असती असं सांगता आलं नसतं. मी रोज स्वतःला तेच सांगतो. तूही सांग.

फोन कर. बोलली नाहीस तरी चालेल, मी धरून ठेवीन.

दोरीवरचे कपडे वाळले आहेत. काढून घड्या घालतो.

तुझा
बाबा