बाहेर जाणाऱ्याची झडती

तीर्थस्वरूप आत्यास,

वाकून नमस्कार. (कागदावर वाकणं सोपं जातं.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? इथे आई आणि तिचं शिवणयंत्र दोघंही ठणठणीत. बाबा तर इतके ठणठणीत आहेत, की घरातून काहीही बाहेर जाणं मुश्कील झालंय, आणि त्याला कारण मी.

झालं असं, की तुझ्या गावच्या प्रशिक्षण केंद्रात नवशिक्यांना कॉम्प्युटर शिकवणारी बाई हवी आहे. मी अर्ज भरायला घेतला. (बाबांना सांगितलं नव्हतं. मुलीने शिकावं म्हणून त्यांनी जादा पाळ्या केल्या, पण मुलीने गाव सोडावं असं काही ते कधी म्हणालेले नाहीत.) मनात आलं, उद्या जगाला शिकवणार, तर आधी घरचा कॉम्प्युटर सुरक्षित नको का? म्हणून फायरवॉल सुरू केली. काम दोन मिनिटांचं. पण पदवी मिळाली की माणसाला गप्प बसवत नाही. मी बाबांना समजवायला बसले, की फायरवॉल म्हणजे कॉम्प्युटरच्या दारावरचा रखवालदार. एकतीस वर्षं कारखान्याच्या गेटवर काढून तीन महिन्यांपूर्वी घरी बसलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. (आणि तो उचलून पुन्हा पाडणं.)

बाबांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि माझ्या रखवालदाराची हजेरी घेतली. तो येणाऱ्याला अडवतो, जाणाऱ्याला मात्र मोकळं सोडतो, हे कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, चोर आत येताना रिकाम्या हातानेच येतो! माल जातो तो बाहेर जाताना. झडती तेव्हा घ्यायची. कुणी शिकवलं याला?" मला ते पटलं, हीच चूक. मी जाणाऱ्या सगळ्या वाटा बंद केल्या; ज्या प्रोग्रामला जायचं असेल त्याने बाबांची परवानगी घ्यावी. बाबांनी वही आखली : नाव, काम, जाण्याची वेळ. कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर वेळ विचारायला बाहेर जातं, तर तेही अडवलं. "भिंतीवरचं बघ म्हणावं त्याला." आईला शाळेच्या गणवेशांची मापं पाठवायची होती. तिचीही झडती झाली. "एवढी चौकशी माझ्या वडिलांनी तुमची केली असती, तर मी आज इथे नसते," एवढंच बोलून ती कात्री घेऊन निघून गेली.

गुरुवारी पाचपर्यंत अर्ज पाठवायचा होता. साडेचारला मी बाबांपुढे उभी.

"काय आहे?"

"कागद."

"गेटवर सगळे कागदच म्हणतात. उघड."

उघडला. ओळीवर बोट ठेवून वाचता वाचता ते 'वडिलांचा व्यवसाय' इथे थांबले. मी 'सुरक्षा अधिकारी' लिहिलं होतं. "रखवालदार लिही," बाबा म्हणाले. "खोटा माल गेटबाहेर जात नाही." (आणि मी श्रमप्रतिष्ठेवरच्या निबंधाला बक्षीस मिळवलेली!) मान खाली घालून दुरुस्ती केली. पाचला चार मिनिटं असताना अर्ज सुटला. गावाचं नाव शेवटच्या पानावर होतं; तिथवर बाबांची नजर पोचली नसावी.

तुझी सुशिक्षित भाची

ता. क. पत्र टपालाने येतंय, कारण माझ्या ईमेलची चौकशी अजून चालू आहे.

ता. क. दुसरा. खरं काम हे : मुलाखतीचं बोलावणं फोनवर आलंय. निवड झाली तर मला तुझ्याकडे ठेवून घेशील? आणि बाबांकडे विषय तूच काढ ना. हळूहळू काढ, त्यांना धक्का बसायला नको.

ता. क. तिसरा. पाकिटावर तुझा पत्ता घालत होते, तर बाबा मागे येऊन उभे. "आत्याला लिहितेस? मग विचार, खिडकीजवळची खोली झाडून झाली का. शुक्रवारीच सांगितलंय मी तिला फोनवर." आत्या! म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं, आणि मी मात्र इथे चार पानं लिहीत बसले! आता एवढंच कळव, फोनवर त्यांचा आवाज कसा होता?