हेडची आतली नाकपुडी

पिंगुळी, ४ नोव्हेंबर २०२४

चि. सलोनीस दाजीकाकाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. पत्र लिहितो, कारण फोन तुझ्या काकीच्या हातात असतो आणि ही गोष्ट तिला कळायला नको. आपली मोटरसायकल फोंडाघाटात धापा टाकते. मोठ्या वळणावर तुझ्या यशोदाकाकीला दरवेळी उतरून चालावे लागते. गेल्या खेपेला तिने सांगितले की आता या गाडीवर बसणार नाही, तुझ्याकडे कोल्हापूरला एसटीने जाईन.

ओंकार मेकॅनिक म्हणतो, इंजिनाच्या हेडमधल्या हवा-धुराच्या वाटा आतून कोरून मोकळ्या केल्या तर गाडीला श्वास मिळेल. बाहुल्यांची डोकी कोरण्यात माझा जन्म गेला, हेही डोकेच. पण हत्यार कुठले? घरात ड्रिल आहे, फरशी कापायचा ग्राइंडर आहे. तू इंजिनाच्या कारखान्यात आहेस, तूच सांग. हेड एकच आहे, दुसरे मिळत नाही. उत्तर ओंकारच्या गॅरेजवर धाड.

आठवण काढतेस तशीच काढत राहा.
दाजीकाका


कोल्हापूर, ११ नोव्हेंबर

ती. दाजीकाकांस सलोनीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. फरशीच्या ग्राइंडरची चकती त्या वाटेत शिरणारच नाही. ड्रिल सरळ दाबायला असते, बाजूने दाबले की टोक उसळते. आमच्याकडे अशा अरुंद जागा कोरायला डाय ग्राइंडर असतो, तो हवेवर चालतो, पण त्याच्या कॉम्प्रेसरसाठी काकीचे माजघर रिकामे करावे लागेल. म्हणून माझा विजेवरचा पाठवते. त्याचा वेग कमी-जास्त होतो. सोबत लांब दांड्याचे, मोठ्या दातांचे कोरायचे टोक आहे. बारीक दातांत ॲल्युमिनियम चिकटून बसते.

आधी भंगारातल्या दुसऱ्या कुठल्याही गाडीच्या हेडवर हात बसवा. चष्मा लावा. व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेला शिवू नका. थोडेच काढा, भिंत पातळ असते.

काकींना नमस्कार कळवू नका, पकडले जाल.
सलोनी


पिंगुळी, २ डिसेंबर

चि. सलोनीस अ. आ.

काम झाले. दोन्ही वाटा बाहुलीच्या गालासारख्या घासल्या. आत माझी मिशी दिसते. रविवारी ओंकार हेड बसवणार.

तुझा काका


कोल्हापूर, ५ डिसेंबर

ती. दाजीकाकांस सा. न. वि. वि.

ओंकारला फोन करून हेड बसवणे थांबवले आहे. एक गोष्ट सांगायची राहिली, चूक माझी. या वाटा म्हणजे इंजिनाच्या नाकपुड्या. धूर बाहेर टाकणारी चकचकीत चालते. आत घेणारी मात्र जरा खरखरीत हवी, नाहीतर गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचे थेंब जमून ओघळतात. भरड पॉलिश पेपरने हातानेच घासा.

रागावू नका, एवढीच विनंती.
सलोनी


पिंगुळी, १७ डिसेंबर

चि. सलोनीस काकीचे आशीर्वाद.

तुमचे गुपित मला कधीच कळले होते. यांच्या बनियनवर चांदीसारखी भुकटी होती, आणि बाहुल्या लाकडाच्या असतात. तुझे पत्र आल्यापासून यांचे जेवणात लक्ष नव्हते. गुळगुळीत केलेले पुन्हा खरवडायला हात धजेना. शेवटी मीच पॉलिश पेपर हातात दिला आणि सुनावले की ह्यां काय बाहुल्याचां थोबाड न्हय, गुमान घासा.

काल दाजीपूरपर्यंत जाऊन आलो. मोठे वळण आले तसा मी सवयीने पदर खोचला, तर गाडी वळण मागे टाकून पुढे गेली. मला चुकल्या-चुकल्यासारखे झाले. थोडे वर गेल्यावर मीच यांच्या खांद्यावर थाप मारून उतरले. आता काय बिघडले म्हणून हे घाबरले. मी म्हटले, बिघडले काही नाही. इतकी वर्षे मान खाली घालून चढले, दरी कधी बघितलीच नाही. मग दोघेही कठड्यावर बसलो. मी दरी बघत होते. यांनी इंजिन चालूच ठेवले होते, त्यांना ते ऐकायचे होते.

लोभ आहेच, तो रविवारी गाडीवर मागे बसून आणते.
तुझी यशोदाकाकी