जागा पोरीची, हरकत माझी

दादा, तुमाला जाऊन लय वर्षं झाली, तरी आज तुमच्याशीच बोलायचंय. कालपासून मी सुन्न हाय, चुलीवरचं दूध दोनदा उतू गेलं.

तुमची नात, माझी थोरली, परभणीला शेतीचं शिकली. मागं पेपरात वर नामांतराच्या मोर्च्याची बातमी अन् खाली कोपऱ्यात हैद्राबादच्या एका संशोधन संस्थेतल्या जागांची जाहिरात होती. ज्वारीच्या बियात आईबापाकडून काय उतरतं, ते कम्प्युटरवर मांडायचं काम. मी इचारलं, "त्या मशिनीत ज्वारी कुठून टाकतेत?" म्हणली, "ज्वारी न्हाई गं माय, नुसती तिची अक्षरं." म्हणलं, बरंय, पाखरं तर खायची न्हाईत. ती मुलाखत देऊन आली अन् मी इसरून गेले.

काल दुपारी बोरीकडून येणाऱ्या यष्टीतून दोघं उतरले, इस्त्रीचे कपडे. हे गेल्यापासून घरचं माझे थोरले दीरच बघतेत, त्यांनी सोयऱ्यात सांगून ठेवलेलं, पोरीला पाहायला माणसं येतील म्हणून. मला वाटलं, तीच ही. मी त्यांना बोलूच देईना. पोरीला साडी नेसायला लावली. ती दाराआडून खुणा करायलीय, पण बोलावल्याबिगर बाहेर यायचं न्हाई म्हणून मीच दटावलेलं. पोहे पुढं ठेवले अन् मोठ्याला इचारलं, "मुलगा काय करतो?"

"सातवीत आहे," ते म्हणले.

दीर खोकायलेत, पोरगी तशीच बाहेर आली. "माय, हे दोघं आमचे परभणीचे सर हायत."

मोठे सर म्हणले, "जागा हिला मिळालीय. पण गाव लांब, पोरगी एकटी राहणार. घरून हरकत असेल तर तिथले लोक दुसऱ्याला घेतील. उद्या कळवायचंय, म्हणून आम्हीच आलो."

दीर म्हणले, "आमी घरात बसून ठरवताव."

"मी आईंना विचारतोय. तुमची काही हरकत?"

दादा, मी मागं वळून बघितलं, कोण उभं हाय म्हणून. मागं ज्वारीची कणगी. माझी सोयरीक जमली तवा मी चुलीपाशी भाकर थापायले होते. पाव्हण्यांनी म्हणलं, पोरीला इचारलं का. तुमी हसलात, "वासराला इचारून दावं बांधतेत व्हय?" मी बी हसले होते, पाव्हण्यांहून मोठ्यानं.

काल कुणीच हसंना. पोरगी माझ्या तोंडाकडं बघायली. न्हाई म्हणलं की जागा गेली, अन् पुढच्या हप्त्यात दीर खरे पाव्हणे आणणार. मी म्हणले, "हरकत न्हाई. जाऊ द्या तिला." सरांनी हात जोडले. मला.

ते गेल्यावर पोरगी गळ्यात पडून रडली. "माय, एवढा येळ का लावलास? माझा जीव गेला." म्हणलं, मिरचीचा ठसका लागला होता. खोटं. हा कागद टपालात पडायचा न्हाई, म्हणून तुमाला सांगते. मला एकडाव न्हाई म्हणून बघायचं होतं. पोरीला अडवायला न्हाई. माझ्या न्हाईनं काही थांबतं का, तेवढंच.