टाकीत बहात्तर टक्के

ती. दादा,

शिरसाष्टांग नमस्कार. पत्र लिहायला सात महिने लावले म्हणून आधी कान पकडतो. (फोनवर बोलतोच की आपण, असं तू म्हणशील. पण फोनवर तू मध्येमध्ये प्रश्न विचारतोस, आणि मला जे सांगायचं आहे ते सलग सांगण्याजोगं आहे.) वहिनींचा खोकला गेला का? तुझा रक्तदाब काय म्हणतो? निवृत्त झाल्यापासून तू एकच वर्तमानपत्र दिवसातून तीनदा वाचतोस आणि उरलेल्या वेळात वहिनींना भाजी कशी चिरावी ते शिकवतोस, असं वहिनींनी हिला कळवलं आहे. त्यात तक्रारीचा सूर होता असं हिचं म्हणणं. मला काही तसं वाटलं नाही, मावसभाऊ म्हणून मी तुझीच बाजू घेतली. चिरंजीवाला आशीर्वाद. (त्याचे केस माझ्याआधी पिकले, पण द्यायचा तो द्यायचाच.) इकडे आम्ही खुशाल आहोत. मी तर जरा जास्तच खुशाल आहे, कारण मला खोली मिळाली.

आता खोलीचं महत्त्व कळायला तुला आमच्या जेवणाच्या टेबलाची हकिकत माहीत हवी. गेली तीन वर्षं त्या टेबलावर कोणी जेवलेलं नाही. त्याच्यावर माझे चार कॉम्प्युटर आहेत, म्हणजे दोन चालू, एक चालू होण्याच्या बेतात आणि एक ज्याचे अवयव बाकीच्यांना उपयोगी पडतात. शिवाय डाग देण्याचं यंत्र, स्क्रूंच्या सोळा डब्या, पंख्यातली धूळ काढायचे तीन ब्रश (रंगाच्या दुकानातले, खास या कामाचे म्हणून मिळतात ते निकामी असतात) आणि वायरींची एक पिशवी, जिच्यातली कुठलीही वायर फेकली की तिसऱ्या दिवशी नेमकी तीच लागते. ही बिचारी ताट मांडीवर घेऊन जेवते. तीन वर्षं तिने ब्र काढला नाही, आणि मग एका सकाळी चहा देता देता शांतपणे सांगितलं की पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला टेबल रिकामं झालेलं नसेल तर ती स्वतः ते रिकामं करेल, आणि सामान कुठे गेलं ते सांगणार नाही. तू हिला ओळखतोस. ही रागावून बोलली असती तर मी निर्धास्त राहिलो असतो.

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, पाण्याच्या पंपाशेजारी, एक खोली पडून होती. सात फूट बाय नऊ फूट, एक खिडकी, एक कडाप्पा, विजेचे चक्क चार पॉइंट आणि आतून लागणारी कडी. ही कडी पाहिली त्या क्षणी मला त्या खोलीचा मोह पडला, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. सेक्रेटरीसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, बिल्डिंगची खोली बिल्डिंगच्या कामालाच मिळेल, कोणाच्या छंदाला नाही. छंद हा शब्द त्यांनी ज्या तऱ्हेने उच्चारला ती मी सोडून दिली आणि बिल्डिंगचं काम शोधायला लागलो.

काम डोक्यावरच होतं, म्हणजे गच्चीवरची टाकी. तीस वर्षं आमचा वॉचमन घड्याळ पाहून सकाळ-संध्याकाळ पंप लावायचा. टाकीत पाणी किती आहे हे त्यालाही माहीत नव्हतं आणि कोणालाच नव्हतं. पाणी कधी कमी पडलं नाही हे खरं, पण त्यामागे शास्त्र नव्हतं. मी टाकीच्या झाकणाला आतून एक लहानसं यंत्र बसवलं. ते पाण्यावर आवाज सोडतं (आपल्याला ऐकू येत नाही) आणि तो परत यायला किती वेळ लागला यावरून पाणी किती खाली आहे ते सांगतं. तिथून वायर पाइपांच्या बोळातून थेट आमच्या टेबलापर्यंत, टेबलावर माझ्या जुन्या ऑफिसने भंगारात काढलेला कॉम्प्युटर, त्याच्यात मी लिहिलेला प्रोग्राम. पहिले तीन दिवस आकडा एकसष्टवर होता, सकाळी एकसष्ट, रात्री एकसष्ट. मी सेक्रेटरीसाहेबांना आपल्या बिल्डिंगचा पाणीवापर किती शिस्तीचा आहे यावर छोटंसं भाषणही दिलं. चौथ्या दिवशी लक्षात आलं की टाकीच्या आत उतरायला लोखंडी शिडी आहे, आणि तिची तिसरी पायरी मी तीन दिवस अत्यंत अचूक मोजत होतो. यंत्र हातभर सरकवलं आणि खरे आकडे येऊ लागले. अशा गोष्टी या कामात होतातच, त्याने डगमगून चालत नाही.

मग मी तो आकडा सगळ्यांच्या फोनवर दिला. टाकीचं चित्र, त्यात निळं पाणी, खाली टक्के. सगळ्या बिऱ्हाडांनी कौतुक केलं. (हिने मात्र ते पान आजतागायत उघडलेलं नाही. पाणी आहे की नाही हे मी नळ उघडून पाहते, असं म्हणते.) सेक्रेटरीसाहेब इतके खूश झाले की त्यांनी वॉचमनचं घड्याळ पाहून पंप लावणं बंदच केलं. आकडा तिसाच्या खाली गेला की मी वॉचमनला फोन करायचा आणि त्याने पंप लावायचा, अशी नवी पद्धत ठरली. खोलीचा विषय मी काढला नाही. पिकू द्यावं म्हटलं.

आणि मग तो रविवार आला. सकाळी आठ वाजता टाकीत अठ्ठेचाळीस टक्के पाणी होतं, म्हणजे दुपारपर्यंत कोणाला काळजीचं कारण नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाईंनी आकडा पाहिला आणि खबरदारी म्हणून दोन बादल्या भरून ठेवल्या. आकडा झाला सत्तेचाळीस. तो उतरलेला पाहून त्यांच्या समोरच्यांनी पिंप भरलं. तो उतरलेला पाहून त्यांच्या खालच्यांनी पिंप, बादल्या, प्रेशर कुकर आणि बाळाचा टब भरला. आठ वाजून बावीस मिनिटांनी टाकीत शून्य टक्के पाणी होतं आणि सेक्रेटरीसाहेब एका गालाला साबण लावून जिन्यात उभे होते. पाणी कुठेही गेलेलं नव्हतं, दादा. बिल्डिंगमधलं एकूण पाणी तेवढंच होतं, फक्त ते टाकीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आदल्या दिवशीचं शिळं पाणी ओतून दिलं आणि ताजं भरून ठेवलं.

मी स्वस्थ बसणाऱ्यातला नाही. लोक सारखे पाहतात म्हणून घाबरतात, तर त्यांना पाहावंच लागू नये, या विचाराने मी पाणी चाळीसच्या खाली गेलं की सगळ्यांच्या फोनवर घंटा वाजेल अशी सोय केली. (विचार अजूनही चुकीचा वाटत नाही.) तोवर जी पाच-सहा बिऱ्हाडं आकड्याकडे ढुंकूनही पाहत नव्हती तीसुद्धा घंटेबरोबर बादली घेऊन नळाकडे धावू लागली. अकरा दिवसांत टाकी चारदा कोरडी पडली. त्याआधीच्या तीस वर्षांत ती एकदाच कोरडी पडली होती, तीही धुण्यासाठी.

सेक्रेटरीसाहेब घरी आले. टेबल पाहिलं. हिने त्यांना चहा स्टुलावर दिला. त्यांनी सांगितलं की पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे, तोवर टाकी पुन्हा एकदा जरी कोरडी पडली तर वायर काढून टाकू आणि खोलीचं नावही घ्यायचं नाही. पाच तारखेआधीच येतो तो रविवार, एवढंच ही म्हणाली. माझ्या पाचावर धारण बसली, हे कबूल करतो. टेबल जाणार, खोली नाही, म्हणजे मी आणि चार कॉम्प्युटर रस्त्यावर. या वयात माणसाला आपली म्हणून एक जागा असावी एवढंच माझं मागणं होतं.

मग मी एक सुधारणा केली. तिचा तपशील तांत्रिक आहे, तुला कंटाळा येईल. पण त्या दिवसापासून टाकी एकदाही कोरडी पडलेली नाही. आकडा सकाळी बहात्तर, दुपारी साठच्या आसपास, संध्याकाळी परत वर. चार दिवसांत बादल्या बाल्कनीत पालथ्या पडल्या. सभेत दंतवैद्यबाई उठून म्हणाल्या की हल्ली त्यांना शांत झोप लागते. सेक्रेटरीसाहेबांनी माझा उल्लेख आपल्या बिल्डिंगचे शास्त्रज्ञ असा केला आणि खोलीची किल्ली सर्वांसमक्ष माझ्या हातात ठेवली. अट एकच, पुढचे दोन महिने नळ एकदाही कोरडा पडता कामा नये, पडला तर किल्ली परत. दुसऱ्याच दिवशी मी खोलीला पांढरा रंग दिला आणि अकरा खोकी खाली नेली. त्या रात्री आम्ही दोघं टेबलावर समोरासमोर बसून जेवलो. टेबलाचा रंग हा असा आहे हे आम्ही दोघंही विसरलो होतो. हिने मला दोनदा आमटी वाढली. मला फार बरं वाटलं.

तेव्हा आता तू आणि वहिनी दोन महिने इकडे राहायलाच या. घर मोकळं झालं आहे. तुला हवापालट होईल, वहिनींना भाजी हिच्याबरोबर मनाजोगती चिरता येईल. गच्चीवर वारा छान असतो. तुला खोलीही दाखवेन. एक तारखेच्या आत पोहोचलात तर उत्तम. वहिनींना माझा वेगळा नमस्कार सांग, तुझ्या नमस्कारातला अर्धा त्यांना देऊ नकोस. आणखी काय लिहू, बाकी समक्ष बोलू.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पत्र परत वाचलं. सुधारणा हा शब्द जरा मोघम वाटला. तू मला थोरला, तुझ्याशी मी आजवर खोटं बोललो नाही (तुझ्या सायकलचं प्रकरण सोडून). सेक्रेटरीसाहेब येऊन गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मी यंत्र नीट करायला वाकलो आणि ते टाकीत पडलं. नवं यायला दोन महिने लागतील. सभा दहा दिवसांवर होती. तेव्हा हल्ली तो आकडा कॉम्प्युटर स्वतःच्या मनाने सांगतो. सकाळी बहात्तरच्या आसपास सांग, मग हळूहळू उतर, संध्याकाळी चढ, आणि अधूनमधून एक-दोन टक्के इकडेतिकडे कर, म्हणजे खरं वाटेल, असं मी त्याला शिकवलं आहे. (प्रोग्रामचा हा भाग मी आजवर लिहिलेल्यांत सर्वांत देखणा आहे.) दंतवैद्यबाई झोपेचं सांगत होत्या तेव्हा मी फरशीकडे पाहत होतो. लाज वाटते, दादा. पण खरा आकडा होता तेव्हा पाणी पुरत नव्हतं आणि आता पुरतं, याचं काय करायचं ते मला कळत नाही.

ता. क. २. पंप मात्र खऱ्या पाण्यावरच लावावा लागतो. वॉचमन माझ्या फोनची वाट पाहत बसतो. म्हणजे टाकीत खरोखर किती पाणी आहे ते कोणाला तरी ठाऊक हवं. तर मी वर जातो. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा. पाच मजले आणि वर लोखंडी जिना, मग झाकण उचलायचं, टॉर्च मारून बघायचं आणि खाली यायचं. लिफ्टने जाता येत नाही, लिफ्टमध्ये दंतवैद्यबाई भेटतात आणि कुठे निघालात म्हणून विचारतात. खोली मिळून एकोणीस दिवस झाले, तिचं कुलूप मी तीनदा उघडलं आहे. हिला वाटतं मी दिवसभर खाली खोलीत असतो. बसून काम केलं की तुमची तब्येत सुधारते, पोट बघा किती उतरलं, असं काल म्हणाली.

ता. क. ३. शेजारच्या बिल्डिंगच्या कमिटीने हीच यंत्रणा एकमताने मंजूर केली आहे. एक तारखेपासून, म्हणजे नवं यंत्र यायच्या आधीच. मला नाही म्हणायचं होतं, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांची बिल्डिंग सात मजली आहे आणि लिफ्ट नाही. तू चौतीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढलास, या जिन्याला तर कठडा आहे. तुझ्या वेळा सात, अकरा, तीन आणि सात अशा धरल्या आहेत, म्हणजे चहा आपल्याला एकत्र घेता येईल. तू कॉम्प्युटर शिकायला येतो आहेस असं मी हिला सांगितलं आहे, वहिनींनाही तेच सांग. वर सगळ्यांची विचारपूस केली, पण तुझे गुडघे कसे आहेत ते विचारायचं राहूनच गेलं. तेवढं उलट टपाली कळव.